पंख्याची पिन मी बदलली होती

काशिनाथ,

तू असतास तर माझी सुरुवात ऐकण्याआधीच म्हणाला असतास, "कलाकार, आधी प्लगची वायर काढ." बोटीच्या पंख्याला हात लावण्याआधी इंजिन मेलेलं असलं पाहिजे, हा तुझा पहिला नियम. नुसतं बंद चालायचं नाही, मेलेलं हवं. वायर काढायची, जिच्यावाचून इंजिन सुरू होत नाही ती लाल क्लिप स्वतःच्या खिशात टाकायची, म्हणजे कुणी चुकून दोरी ओढली तरी पाती फिरायची नाहीत आणि आपली बोटं आपल्याच हाताला राहतील. तर मनातल्या मनात काढली वायर. क्लिप खिशात आहे. आता मला इंजिन सुरू करून कुठं पळता येणार नाही.

तुला जाऊन एकवीस दिवस झाले. एवढ्यात लोकांनी मला तुझ्याबद्दल बोलायला दोनदा उभं केलं, एकदा पेणला आणि एकदा तुझ्या कंपनीतल्या सोबत्यांनी रोह्याला. बोलायला मी आयुष्यात कधी नाही म्हटलेलं नाही. माइक दिसला की माझे पाय आपोआप तिकडं वळतात, हे तू चारचौघांत सांगायचास. पण दोन्ही वेळा उभा राहिलो आणि दोन वाक्यं बोलून खाली बसलो. लोकांना वाटलं, गहिवरला. गहिवरलो होतोच, पण बसलो ते त्यामुळं नव्हे. जे बोलायला हवं होतं ते बोलण्याची हिंमत झाली नाही. ते असं: सहा वर्षांपूर्वी, तू सांभाळत होतास त्या पुण्याच्या डॉक्टरांच्या बोटीच्या पंख्यातली पिन मी बदलली होती. तू घातलेली काढली आणि माझी घातली. तुला न सांगता.

ज्यांना आपली हकिकत ठाऊक नाही त्यांच्यासाठी पहिल्यापासून सांगतो. तुला सगळं पाठ आहे, पण माझी गोष्ट पुन्हा ऐकायचा तुला कधी कंटाळा आला नाही, तेव्हा ऐक.

माझा पेणला गणपतीचा कारखाना. तू खाडीकाठच्या वाडीतला, धाटावच्या एका कंपनीत फिटर. आपली ओळख झाली ती एका मोडलेल्या हातामुळं. तिशी न ओलांडलेला मी, रोह्याच्या एका मंडळाची मूर्ती टेम्पोतून घेऊन आलो, तोवर वाटेतल्या खड्ड्यांनी बाप्पाचा आशीर्वादाचा हात खांद्यातून निखळला होता. ढोलवाले वाजवायचे थांबले. कार्यकर्ते माझ्याकडं असे बघत होते की आता माझाच हात काढून तिथं लावतील. गर्दीतून तू आलास, पहिल्या पाळीचे कपडे अंगावर, हातात रिकामा डबा. आत कंची सळी घातली म्हणून विचारलंस. मी तार दाखवली. तू तडक घरी गेलास आणि भंगारवाल्याकडून आणलेली पेन्सिलीपेक्षा बारीक, चकचकीत सळी घेऊन आलास. म्हणालास, "मूर्ती मोडंल, ही मोडायची नाय." तासाभरात हात बसला, ढोल वाजले. त्यानंतर दर वर्षी तू मला तसल्या सळ्यांची मोळी आणून देत राहिलास. माझ्या मोठ्या मूर्तींचे हात आजही तुझ्या सळ्यांवर तोललेले असतात.

या सळ्यांचं पुढं काम आहे, म्हणून एवढं सांगितलं.

तुझा दुसरा संसार धक्क्यावर होता. नदी जिथं खाडी व्हायला लागते तिथं काठाकाठानं मुंबई-पुण्याच्या लोकांचे बंगले झाले आणि प्रत्येकाला वाटलं, बंगला आहे तर बोटही हवी. पाच-सहा फायबरच्या बोटी, मागं लटकवायची छोटी इंजिनं. मालक महिन्यातून दोन दिवस येऊन हिंडणार, उरलेले अठ्ठावीस दिवस बोट तुझी लेकरू. कंपनीतली पाळी संपली की तू तिकडं. सीझन संपला, कारखाना शांत झाला की मीही रविवारी गाडीनं यायचो. निडी स्टेशन गेलं की दाराशी उभा राहायचो, रोह्याच्या फलाटाबाहेर तुझी स्कूटर उभी असायची.

मला तिथं काय काम होतं? काही नाही. पाना दे म्हटलं की पाना द्यायचा, आणि बोलत राहायचं. पण बघता बघता शिकलो. पंखा काढताना पात्याच्या आणि वरच्या पत्र्याच्या मधे लाकडाचा ठोकळा अडकवायचा, म्हणजे पंखा जागचा हलत नाही. मागच्या टोपीतली फाटकी पिन, म्हणजे टोपी निसटू नये म्हणून दुमडलेली दोन पायांची पिन, सरळ करून ओढायची आणि फेकून द्यायची. ती दुसऱ्यांदा वापरायची नाही, कितीही चांगली दिसो. पंखा हातात आला की आधी दांड्याभोवती बघायचं. खाडीत जाळ्यांचे नायलॉनचे धागे असतात, ते आत गुंडाळतात, तापतात, आणि तेल अडवणारं रबर कापतात. मग गिअरचं तेल दुधाळ होतं. तू तेलाचा थेंब तळहातावर घेऊन उन्हात धरायचास. चहासारखं दिसलं की त्या बोटीला सुट्टी.

पात्यांना दगडाचे टवके गेलेले असायचे. तू कानशीने ते मऊ करायचास. एका पात्याला जेवढं घासलं तेवढंच उरलेल्या दोन्हींना. मग पंखा एका सळईवर ओवून दोन खुर्च्यांच्या मधे टांगायचा आणि बघत बसायचं. जड पातं हळूच खाली येतं. पुन्हा कानशी. पुन्हा टांगायचं. कुठलंच पातं खाली यायचं बंद झालं की तू बिडी पेटवायचास. तोपर्यंत नाही.

एकदा तू चहाला गेलास तेव्हा मी एक घासून-पुसून तयार झालेला पंखा सोनेरी रंगानं रंगवला. माझ्या कारखान्यातला मुकुटाचा रंग, दोन हात. तू आलास, कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघितलंस.

"कलाकार, ह्यो पानीखाली फिरनार हाय, मखरात नाय."

मी म्हटलं, मासे तरी बघतील. तू कानशी माझ्या हातात दिलीस आणि सगळा रंग मला खरवडायला लावलास, कारण रंगानं तिन्ही पात्यांचं वजन बिघडलं होतं. मी खरवडत होतो आणि तू शेजारच्या बोटीवाल्या बाळारामला बोलावून दाखवत होतास. त्या दिवशी मी तुझ्यावर हसलो नाही, तू माझ्यावर हसलास. अशा रविवारी आपण किती हसलो असू.

आता पिन. बोटीबद्दल काही ठाऊक नसलेल्या माणसालाही कळेल, इतकी साधी गोष्ट आहे. इंजिनाच्या दांड्यातून एक बोटाएवढी पिन आडवी जाते आणि तीच पंख्याला फिरवते. ही पिन मुद्दाम नरम धातूची असते. पंखा दगडावर आपटला की पिन तुटते, पंखा नुसता मोकळा होतो, आणि आतले महागडे गिअर वाचतात. मग काठाला लावायचं, टोपी काढायची, नवी पिन घालायची, पुढं जायचं. तू अशा पिना स्वतः कापायचास, नरम सळीच्या, आणि पत्र्याच्या डबीत ग्रीसमधे बुडवून ठेवायचास.

आणि इथंच आपलं भांडण होतं. माझ्या धंद्यात आत घातलेली गोष्ट मोडता कामा नये. विसर्जनापर्यंत बाप्पाचा हात शाबूत राहिला पाहिजे, त्यापुढं पाणी बघून घेईल. मला कळायचंच नाही की मोडण्यासाठी म्हणून कुणी वस्तू कशी बनवतो. मी म्हणायचो, ही तुझी आळशी पिन. चांगली घाल, एकदाच घाल. तू म्हणायचास, ती मोडते म्हणून बाकीचं मोडत नाय. मी म्हणायचो, ते गरिबाचं तत्त्वज्ञान झालं. हे भांडण आपण कैक वर्षं चवीनं भांडलो. त्यात कुणी जिंकायचं नव्हतं. मला ते जिंकायची हौस आली, ही माझी चूक.

त्या हिवाळ्यात पुण्याच्या डॉक्टरांच्या बोटीची पिन आठवड्यात दोनदा तुटली होती. ओहोटीला पाणी फार उतरायचं आणि डॉक्टरांना स्वतः चालवायची हौस. शनिवारी मी मुक्कामाला आलो होतो. तू पंखा काढलास, नवी पिन घातलीस, टोपी लावलीस, आणि दुसऱ्या पाळीला कंपनीत गेलास. तू गेल्यावर मी माझी पिशवी उघडली. कारखान्यातून तुझ्याच सळीचा एक तुकडा मी आणला होता. तीन दिवस कानशीने घासून बरोबर मापाचा केला होता. तू शिकवलंस तसंच सगळं केलं: वायर काढली, क्लिप खिशात टाकली, ठोकळा लावला, फाटकी पिन फेकली. तुझी नरम पिन बाहेर, माझी कडक आत. ग्रीस लावल्यावर दोन्ही सारख्याच दिसत होत्या. टोपी लावली, नवी फाटकी पिन दुमडली. इतकं नीट काम मी बोटीवर त्याआधी केलं नव्हतं. दोन महिने ती तुटणार नाही, आणि मग एका रविवारी सगळ्यांसमोर ती काढून मी तुझ्या हातावर ठेवणार, असा माझा बेत होता. वाक्यसुद्धा पाठ करून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर, त्यांच्या पत्नी आणि त्यांची ऐंशी वर्षांची आई बोटीत बसली. म्हातारीला खाडी बघायची होती. तू मागं, मी पुढं, तिच्याशी गप्पा मारत. ओहोटी लागली होती. परत फिरताना पंखा पाण्याखालच्या खडकावर आपटला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. पिन तुटली की टक् असं होतं आणि इंजिन मोकळं पळतं. तसं काही झालं नाही. आतून दळल्यासारखा आवाज आला आणि इंजिन गप्प झालं.

वल्हं एकच होतं. बोट वाहत जाऊन चिखलाला लागली आणि पाणी आपल्याखालून निघून गेलं. भरती येईपर्यंत चार तास. तू दोर घेऊन कमरेएवढ्या चिखलात उतरलास, बोट खोल पाण्याकडं ओढायला बघितलंस, आणि खडकावरच्या कालवांच्या धारदार शिंपल्यांनी तुझा पाय घोट्याजवळ कापला. तू रुमाल बांधून पुन्हा ओढायला लागलास. मी बोटीत बसून म्हातारीला गोष्टी सांगत होतो. मला तेव्हाच कळलं होतं काय झालंय ते. कळल्यावर मी आणखी जोरात गोष्टी सांगायला लागलो. ती पोट धरून हसली. धक्क्याला लागल्यावर तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, तुम्ही होतात म्हणून वेळ गेला. तुझ्याकडं कुणी बघितलंही नाही. तू रक्ताळलेल्या पायानं इंजिन उतरवत होतास.

डॉक्टरांनी इंजिन मुंबईला पाठवलं. आठ दिवसांनी निरोप आला: गिअरचा चुरा झालाय आणि पिन शाबूत आहे. ज्यानं कडक पिन घातली त्याला इंजिनातलं काही कळत नाही. ती पिन त्यांनी परत पाठवली होती. डॉक्टरांनी ती सगळ्यांसमोर तुझ्या हातावर ठेवली. तू नखानं घासून बघितलीस, दगडावर आपटून आवाज ऐकलास. तुझा चेहरा उतरला. सळी तू ओळखलीस. ती तुझ्या भंगारातली होती.

मी तुझ्यापासून चार हातांवर उभा होतो. तू मान खाली घालून म्हणालास, "साहेब, सळी कापताना माझ्याकडून अदलाबदल झाली असंल."

तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. डॉक्टर चिडलेले होते, मी म्हटलं ते जाऊ देत, मग सांगतो. ते गेल्यावर तू इतका गप्प झालास की मी म्हटलं, उद्या सांगतो. मग पुढचा रविवार आला, आणि त्या रविवारी मी त्याहून वाईट काम केलं. धक्क्यावर सगळे उदास बसले होते म्हणून, वातावरण जरा हलकं व्हावं म्हणून, मी त्या प्रसंगाची गोष्ट करून सांगितली. चिखल, कालवं, म्हातारी, डॉक्टरांचा लाल झालेला चेहरा. शेवटी मी म्हणायचो की इंजिन मोडलं, बोट अडली, डॉक्टर मोडले, पण काशिनाथची पिन काही मोडली नाही. लोक लोळले. तूही हसलास. तू हसलास म्हणून मी ती पुढच्या रविवारीही सांगितली.

त्या गोष्टीला नावच पडलं, काशिनाथची पिन. मी ती पेणला सांगितली, गडबच्या हॉटेलात सांगितली, गागोद्याला एका मुंजीत सांगितली. दर वेळी नवी मजा भरली. नाव मात्र तुझंच राहिलं. तीन वर्षांपूर्वी तुझ्या मुलीच्या लग्नात नवऱ्याकडच्या लोकांनी मला गोष्ट सांगायला बसवलं आणि मी तीच सांगितली. तू मांडवात उभा होतास, नवा फेटा, हात तोंडावर धरून हसत होतास. तुझे व्याही तुझ्या पाठीवर थापा मारत होते. वैनी तेवढ्या उठून आत गेल्या. मी ते बघितलं आणि गोष्ट पुरी केली.

डॉक्टरांनी बोट सांभाळायला दुसऱ्याकडं दिली. मग आणखी एकानं. तू कुणाला थांबवलं नाहीस. उरलेल्यांना तू स्वतःच सांगितलंस की वय झालं, आता जमत नाय. पंचावन्नही पुरे नव्हते तुला तेव्हा. एका मालकानं टाकून दिलेली जुनी बोट तेवढी आपल्याकडं राहिली, आणि तीही आपण फार लांब नेत नसू. पंखा काढला की तू पिन माझ्या हातात द्यायचास. "तू घाल. माझ्या हातावर माझा भरवसा नाय ऱ्हायला." आणि मी घालायचो. सहा वर्षं, दर रविवारी, तुझ्या इंजिनात पिन मी घातली, कारण तुला वाटायचं माझा हात खात्रीचा आहे.

एवढं लिहिलं आणि उठून कारखान्यात दोन फेऱ्या मारून आलो. पाठीमागं पोरं साचे धूत आहेत. मूर्तीच्या हातात सळी बसवताना हल्ली माझा हात थांबतो.

काशिनाथ, तू मला काय काय दिलंस ते मी कुणाला सांगत बसत नाही, पण तुला सांगतो. घाई करायची नाही, हे तू शिकवलंस. बोलता बोलता थांबून दोन्ही बाजूंचं वजन बघायचं, हे तुझ्या त्या दोन खुर्च्यांनी शिकवलं. माझ्या मूर्तींचे खांदे त्यानंतर सरळ झाले. माझे वडील गेले तेव्हा तू पाळी सोडून पेणला आलास आणि तीन दिवस माझ्या कारखान्यातली माती मळलीस, एक शब्द न बोलता. दसऱ्याला इंजिनाला झेंडू वाहताना तू माझ्या कारखान्यातल्या कोरण्यांची आठवण काढायचास, त्याही पुजल्या का विचारायचास. असा माणूस मला मिळाला, याचं मला अजून नवल वाटतं. आणि त्याच माणसाला मी त्याच्या हातावर शंका घ्यायला लावली.

आपला शेवटचा रविवार. बोटीत काही काम नव्हतं. तू धक्क्यावर पाय सोडून बसला होतास, पाण्याकडं बघत. एकदम म्हणालास, "कलाकार, ती सळी नरम सळ्यांमधी गेली कशी असंल? मी तर ती घरी ठेवतच नव्हतो. समदी तुलाच द्यायचो."

तू माझ्याकडं बघितलं नाहीस. पाण्याकडंच बघत होतास. मी काय केलं? मी म्हटलं, तुझ्या घरातल्या उंदरांनी नेली असेल, त्यांनाही बोट चालवायची असेल. तू हसलास. मग आपण उठलो. नऊ दिवसांनी तू गेलास.

त्या प्रश्नात तू मला दार उघडून दिलं होतंस की खरंच विचारत होतास, हे मला कळलेलं नाही. तुला सगळं ठाऊक होतं असं मानलं तर मला बरं वाटेल. म्हणून मी ते मानणार नाही. तुला ठाऊक नव्हतं, तू सहा वर्षं स्वतःला चुकीचा समजत होतास, असं धरूनच मी पुढं वागायचं ठरवलंय.

तेराव्याच्या दिवशी जेवणं उरकल्यावर मी वैनींना मागच्या पडवीत गाठलं आणि सांगितलं. लांबवलं नाही, रंगवलं नाही. वैनी भांडी विसळत होत्या, त्या विसळतच राहिल्या. मला वाटलं, ऐकलं नाही की काय. मग म्हणाल्या, तुम्ही गाडीनं गेलात की ते घरी येऊन डबीतल्या पिना काढायचे. एकेक दगडावर ठेवून हातोडीनं वाजवून बघायचे. पुन्हा पुन्हा. मी वरडायचे त्यांच्यावर, काय ही कटकट म्हणून.

मी माफी मागायला लागलो. त्यांनी मला मधेच थांबवलं.

"मला सांगून काय उपेग, भावजी? जिथं हसवलात तिथं सांगा."

मग आत गेल्या. परत बाहेर आल्या नाहीत. मी उगाच थोडा वेळ थांबलो आणि निघालो.

पुढच्या रविवारी, म्हणजे परवा, मी धक्क्यावर गेलो. स्कूटर नव्हती, स्टेशनपासून रिक्षा केली. धक्क्यावर नेहमीची मंडळी होती. बाळारामनं इंजिन वर उचलून पंखा उतरवला होता. त्याचे वडील, कानानं अधू झालेले म्हातारे, जाळं दुरुस्त करत पलीकडं बसले होते. मला बघून सगळे उठले. कुणी पाठीवर हात ठेवला, कुणी चहा आणला. थोडा वेळ तुझ्याबद्दल बोलणं झालं. मग बाळाराम म्हणाला, "कलाकार, काशिनाथदाची एक सांगा. पिनेचीच सांगा. तेवढाच तो आपल्यात बसल्यासारखा वाटंल."

मायेनं म्हणाला रे तो.

मी सुरुवात केली. नेहमीसारखीच. ओहोटी, म्हातारी, खडक. चिखलाशी आलो तेव्हा एकजण हसला, कालवांशी आलो तेव्हा तिघे. जिभेला सवय होती, ती आपोआप चालत होती. इंजिन मुंबईला गेलं, पिन परत आली, डॉक्टरांनी ती हातावर ठेवली, इथवर आलो. इथं मी जे वाक्य म्हणतो ते ऐकायला सगळे पुढं झुकले होते. मी म्हटलं, ती पिन काशिनाथची नव्हती. त्यानं घातलेली मी काढली होती. ही माझी होती.

एकजण तरीही हसला, त्याला वाटलं नवी मजा आहे. मग तोही थांबला.

बाळारामनं हातातला पाना खाली ठेवला. विचारलं, "आन् त्याची?"

"नरमच होती. बरोबर होती. खडकावर ती तुटली असती आणि आम्ही पाच मिनिटांत निघालो असतो."

ज्यानं चहा आणला होता तो उठून आपल्या बोटीकडं गेला आणि पाठ करून बसला. बाळाराम माझ्याकडं बघत होता. त्या नजरेला तोंड देणं ही माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब गोष्ट होती, काशिनाथ. शेवटी तो म्हणाला, "सा वरसं आमी त्याला हसलो. तो बी हसला आमच्यासंगं." मग म्हणाला, "परत सांगा. पयल्यापासनं. आता जशी झाली तशी सांगा."

मी सांगितली. शनिवारी तू घातलेल्या पिनेपासून, माझ्या पिशवीपासून, तीन दिवसांच्या कानशीपासून. चिखलात तू ओढत होतास आणि मी बोटीत बसून होतो, तेही सांगितलं. डॉक्टरांपुढं तू मान खाली घातलीस आणि मी चार हातांवर गप्प उभा होतो, तेही. तुझ्या मुलीच्या लग्नाचंही. धक्क्यावर इतकी वर्षं बोललो, पण कुणी हसू नये असं वाटून बोललो ते पहिल्यांदाच. कुणी हसलं नाही.

पलीकडून म्हाताऱ्यानं मान वर केली. ती गोष्ट धक्क्यावर इतक्या वेळा सांगितली गेली, पण त्यांना ती कधी ऐकूच आली नव्हती. आज सगळे असे का बसलेत, काय झालं, म्हणून त्यांनी हातानं विचारलं. बाळाराम उठला, त्यांच्या कानाशी वाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला, "काशिनाथदाची पिन बरोबर व्हती."

म्हाताऱ्यानं जाळ्याचा दोरा दातानं तोडला.

"व्हतीच," ते म्हणाले.